ज्याची बॅट, त्याचे स्टेडियम

मुंबईत जागा नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसाला चर्चगेटला न्यावे. स्टेशनच्या दक्षिणेला ब्रेबॉर्न स्टेडियम, उत्तरेला रुळांना खेटून वानखेडे. दोघांत एक किलोमीटरही अंतर नाही. ज्या शहरात दीडशे चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या पाय आखडून झोपल्या, त्या शहराने कसोटी सामन्यांसाठी दोन स्वतंत्र स्टेडियम शेजारी शेजारी बांधली. लंडनमध्येही दोन आहेत, पण त्यांच्यामध्ये अख्खी थेम्स वाहते. आपल्याकडे मध्ये फार तर दोन सिग्नल लागतात. एवढे औदार्य कुठल्या समंजस माणसांच्या हातून झाले नसते. ते रुसलेल्या माणसांच्या हातून झाले, आणि म्हणून त्यांचे ऋण मानायला हवे.

यामागचे शास्त्र समजून घ्यायला इतिहासाची जाड पुस्तके नकोत. गिरगावात खोताच्या वाडीत संध्याकाळी पाच वाजता उभे राहिले तरी पुरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. त्यावर कौलारू छपरांची, लाकडी कठड्यांची, बाहेरून जिने असलेली घरे उभी राहिली. पासष्ट होती असे सांगतात. आज निम्मीही नाहीत. गल्ल्या अशा, की पावसाळ्यात दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावे लागते. मैदान नावाची वस्तू खोतांनी आखलीच नाही. त्यामुळे क्रिकेट खेळणे हे उघडच मूर्खपणाचे होते, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले.

नियम जागेने ठरवले. बोलिंग अंडरआर्म. समोरच्या भिंतीला लागला की दोन रन. वन टप्पा वन हँड आउट. खिडकीत डायरेक्ट गेला तर आउट, शिवाय मारणाऱ्यानेच वर जाऊन ‘आंटी, बॉल’ म्हणायचे. कठड्यावर बसलेल्या बायका तांदूळ निवडता निवडता रनआउटचा निकाल देत आणि तो मान्य होई. पण या सगळ्यांच्या वरचा, कुणी कधी न सांगितलेला नियम एकच: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आणि त्याला आउट दिले, तर बॅट काखोटीला मारून घरी निघून जाण्याचा अधिकार त्याला जन्मसिद्ध. उरलेल्यांनी मग काय करायचे? एक तर त्याची मनधरणी, नाही तर वर्गणी काढून दुसरी बॅट.

मुंबईतल्या थोर मैदानांचा सबंध इतिहास म्हणजे हाच नियम, फक्त मोठ्या माणसांनी खेळलेला.

सुरुवात गोऱ्यांनी केली, त्यांना श्रेय द्यायलाच हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. बॉम्बे जिमखान्याच्या साहेबांना तिथेच पोलो खेळावासा वाटला. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीचे खड्डे झाले. पारशांनी रुसून बॅट टाकली नाही, अर्ज टाकले. अर्जांवर अर्ज. हे सगळे शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकच लिहून नोंदवून ठेवले. दरम्यान १८९० साली पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवले. घोडे फिरलेल्या खेळपट्ट्यांवर वाढलेल्या फलंदाजांना चेंडूच्या उसळीचे भय ते काय असणार? त्या दृष्टीने पोलोचे भारतीय क्रिकेटवर मोठे उपकार आहेत आणि त्यांचा योग्य उल्लेख कुठे होत नाही.

सरकारने शेवटी तोडगा काढला. समुद्रालगतच्या रिकाम्या पट्ट्यात जागा वाटून दिली. पारशांना पारशी जिमखाना, मुसलमानांना इस्लाम जिमखाना, हिंदूंना १८९४ साली हिंदू जिमखाना. एकाच भिंतीला पाठ लावून तीन धर्म आपापल्या हिरवळीवर. पुढे कॅथलिक जिमखानाही त्याच ओळीत आला. खोताच्या वाडीतून चर्नी रोडचा पूल ओलांडला की चालत पोहोचता येते, पण वाडीतल्या पोरांची तिथे अडचण व्हायची. एका गल्लीत एकाच बॅटने खेळणाऱ्या हिंदू आणि ख्रिस्ती पोरांनी इथे आल्यावर कोणत्या फाटकातून शिरायचे? एकत्र खेळायचे तर परत वाडीतच जावे लागे. समाजाची घडी बसवायला यापेक्षा सुटसुटीत सोय कुणाला सुचली नसती. शंभर वर्षांनंतर लग्नसराईत त्याच हिरवळींवर मांडव पडू लागले.

पुढचा पराक्रम समुद्रात झाला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० च्या दशकाच्या तोंडाशी बॅकबेत भर घालण्याची प्रचंड योजना हाती घेतली. पैसा बुडत गेला, भर वाहून जात राहिली आणि लोकांनी योजनेचे नाव ‘लॉइडची मूर्खता’ ठेवले. खुर्शेद नरीमन यांनी तिच्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला झेलला आणि त्यातून निर्दोष सुटले. पुढे त्याच बॅकबेत आणखी भर घालून जी जमीन निघाली, तिच्या एका टोकाला कृतज्ञ शहराने नरीमन पॉइंट असे नाव दिले. भर घालण्याच्या त्या योजनेविरुद्ध झुंजलेल्या माणसाचे स्मारक करायला भर घातलेल्या जमिनीखेरीज दुसरी योग्य जागा कोणती?

लॉइडच्या त्या मूर्खतेवरच ब्रेबॉर्न उभे आहे. त्याआधी, १५ डिसेंबर १९३३ रोजी, भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर सुरू झाली होती. ज्या क्लबात एतद्देशीय माणूस सभासद होऊ शकत नव्हता, तिथे लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या. पाहुण्याने यजमानाच्या घरात असे वागावे हे काही बरे नव्हे. तेव्हा आपली स्वतःची बॅट हवी, हे ओघानेच आले. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला होता. क्लबातर्फे अँथनी डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्याकडे जमीन मागायला गेले आणि त्यांनी विचारले, की सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व. गव्हर्नरसाहेबांनी विचार करून अमरत्व घेतले, अशी कथा आहे. नव्वद हजार चौरस यार्ड जागा, साडेतेरा रुपये यार्ड दराने. आज त्या पैशात तिथे मोटार उभी करता येणार नाही. १९३६ साली कोनशिला बसली, ७ डिसेंबर १९३७ ला उद्‌घाटन झाले.

आणि उद्‌घाटनाच्या वर्षीच रुसवा झाला. धर्मावर बेतलेल्या संघांच्या पंचरंगी सामन्यांचा पहिला हंगाम नव्या स्टेडियमवर होता. क्लबाने हिंदू जिमखान्याला जेवढ्या खुर्च्या देऊ केल्या, तेवढ्या जिमखान्याला कमी वाटल्या. म्हणून हिंदूंचा संघच उतरला नाही. संघ तयार, मैदान तयार, प्रेक्षक तयार, फक्त खुर्च्या अपुऱ्या. मग खेळायचे कशाला? मला या निर्णयातली स्वच्छता आवडते. खेळ हा बसायच्या जागेसाठीचा बहाणा आहे, हे इतक्या प्रामाणिकपणे त्याआधी कुणी कबूल केले नव्हते.

पंचरंगीतला पाचवा रंग म्हणजे ‘इतर’. ज्यांना कुठल्या फाटकातून शिरावे कळत नाही, त्यांचा संघ. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतर’. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्नवर हिंदूंकडून विजय मर्चंटांनी नाबाद २५० काढल्या. हजारे उतरले आणि ‘इतरां’च्या दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने काढल्या. भावाने, म्हणजे विवेक हजारेंनी, २१ धावांत त्यांना तीनशेच्या भागीदारीची साथ दिली. सामना ‘इतर’ हरलेच, तेही डावाने. पण ज्या संघाचे नावच ‘उरलेसुरले’ अशा अर्थाचे, त्यातल्या एकाने त्रिशतक ठोकावे, ही गोष्ट खोताच्या वाडीत कठड्यावर बसलेल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग १९७० चे दशक उजाडले. हा आपल्या विषयाचा सुवर्णकाळ. ब्रेबॉर्नची बॅट क्रिकेट क्लबाची. सामने भरवण्याचा मान मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. प्रत्येक कसोटीला असोसिएशनने खुर्च्या मागायच्या, क्लबाने मोजून द्यायच्या. संस्थेत मुंबईभरचे क्लब, प्रत्येक क्लबाला चिटणीस, प्रत्येक चिटणीसाला मेहुणे. कोण किती खुर्च्यांवर समाधान मानणार? त्यातच, सांगतात ते असे, की काही तरुण आमदारांना ब्रेबॉर्नवर एक सामना भरवायचा होता आणि क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, आणि ते त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष. पुढे काय शब्द झाले याच्या आख्यायिका अनेक आहेत, सगळ्या चवदार आहेत आणि एकही इथे छापण्याजोगी नाही. परिणाम मात्र सिमेंटमध्ये पाहायला मिळतो. शशी प्रभूंच्या आराखड्यावर तेराएक महिन्यांत वानखेडे स्टेडियम उभे राहिले. मुंबईत चाळीचा एक जिना दुरुस्त व्हायला याहून जास्त काळ लागतो. समंजसपणाने एवढ्या वेगात कधी काँक्रीट ओतले आहे काय?

जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडिजच्या कर्णधाराने नाबाद २४२ काढल्या. त्याचे नाव लॉइड. बॅकबेला लॉइड नावाचे काय वेड आहे ते समुद्रालाच माहीत. त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी बडवले, त्यावरून दंगल झाली. म्हणजे स्टेडियमची वास्तुशांत रीतसर पार पडली. १९९१ साली पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी शिवसैनिकांनी याच वानखेडेची खेळपट्टी उखडली. घोड्यांनंतर हे काम माणसांनी अंगावर घेतले ते तेव्हा.

आता अमेरिकेकडे पाहा, म्हणजे आपली उंची कळेल. तिथल्या बेसबॉलवाल्यांनाही जुन्या मैदानांचे वेड आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१३ साली एबेट्स फील्ड उघडले; दर्शनी दालनात संगमरवर घातला आणि पत्रकारांना बसायला कक्ष बांधायचाच राहून गेला. इथवर ते आपल्या बरोबरीचे. मात्र रुसण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा तोल गेला. डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्ये नव्या मैदानासाठी हवी ती जागा शहराच्या अधिकाऱ्यांनी दिली नाही. वानखेड्यांनी काय केले असते? पुढच्या सिग्नलला बांधले असते. ओमॅली १९५७ च्या हंगामानंतर अख्खा संघ उचलून सुमारे चार हजार किलोमीटरवर लॉस एंजेलिसला निघून गेले. त्याच सुमारास न्यू यॉर्कचा जायंट्स संघही सॅन फ्रान्सिस्कोला गेला. हा काय रुसवा झाला? रुसावे ते अशा बेताने, की रुसलेला माणूस समोरच्याला खिडकीतून रोज दिसला पाहिजे. चार हजार किलोमीटरवरून डोळे वटारून उपयोग काय? शिवाय मागे राहिलेल्यांना रडायला मैदानही उरले नाही. १९६० साली एबेट्स फील्ड पाडले. पाडायच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. जायंट्सचे मैदान १९६४ मध्ये गेले. त्याचे नाव पोलो ग्राउंड्स. तिकडे पोलोच्या जागेत चेंडूफळीने घर केले, इकडे चेंडूफळीच्या जागेत पोलोने. एवढी देवाणघेवाण असूनही दोन्ही देशांत कुणी परस्परांना पत्र लिहिल्याचे दिसत नाही.

शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ पासून टिकून आहे, पण तिथेही शिकण्यासारखे थोडेच. पलीकडच्या इमारतींच्या गच्च्यांवरून लोक सामने पाहायचे. गच्चीवाल्यांनी तिकिटे लावली. संघाने दावा ठोकला आणि २००४ मध्ये उत्पन्नातल्या सतरा टक्क्यांवर तडजोड झाली. खोताच्या वाडीच्या कठड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या फुकट क्रिकेट पाहिले गेले, आणि वरून कुणी काही मागितले असेल तर ते एवढेच, की काच फुटल्याचे पैसे. त्यामुळेच वाडी श्रीमंत झाली नाही.

आपल्या दोन स्टेडियमांच्या शेजाराचे फळ २००९ साली मिळाले. फेब्रुवारी १९७३ नंतर ब्रेबॉर्नवर कसोटी झाली नव्हती. छत्तीस वर्षे क्लबाचे सभासद व्हरांड्यात चहा पीत रुळांच्या दिशेने बघत बसले होते. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे पाडून पुन्हा बांधायला घेतले. मग श्रीलंकेविरुद्धची डिसेंबरची कसोटी कुठे? शेजारी. सेहवागने तिथे २९३ काढल्या, भारत डावाने जिंकला आणि कसोटी क्रमवारीत पहिल्यांदाच अव्वल आला. म्हणजे भारत जगात पहिला आला तो मुंबईत एक मैदान जास्तीचे होते म्हणून, आणि ते जास्तीचे होते ते खुर्च्यांवरून भांडण झाले म्हणून. रुसव्याच्या उपयुक्ततेचा आणखी पुरावा मागणाऱ्याने क्रिकेट सोडून कॅरम पाहावा.

नवे वानखेडे सुरेख झाले. पूर्वी सुमारे ४५ हजार लोक दाटीवाटीने बसायचे, आता सुमारे ३३ हजार ऐसपैस बसतात. खुर्च्या कमी पडतात म्हणून जन्मलेल्या स्टेडियमने स्वतःच्या खुर्च्या कमी केल्या, यात थोरांची अलिप्तता आहे. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याची तिकिटे निघाली तेव्हा क्लब, जिमखाने, आंतरराष्ट्रीय परिषद, प्रायोजक अशी पंगत आधी वाढून झाली आणि सर्वसामान्यांच्या वाट्याला सुमारे चार हजार उरली. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाने गर्दीपुढे मान टाकली. ज्याला तिकीट मिळाले नाही, त्याने धोनीचा तो षटकार टीव्हीवर पाहिला आणि पुढे आयुष्यभर मी तिथे होतो असे सांगितले. त्या अर्थाने स्टेडियमची खरी क्षमता दहा-बारा लाख तरी असावी.

षटकाराचा चेंडू ज्या खुर्च्यांत पडला, त्याही आता स्मारक आहेत. खुर्चीवरून सुरू झालेल्या कथेत शेवटी खुर्चीलाच मखर मिळाले, यात न्याय आहे. मे २०२५ मध्ये अजित वाडेकर, रोहित शर्मा आणि शरद पवार अशी नावे स्टँडना दिली गेली. पहिल्या दोघांच्या धावा मोजता येतात. सचिनचा पुतळा २०२३ साली बसला तेव्हा समाजमाध्यमांवर अनेकांना स्टीव्ह स्मिथ आठवला; पाहुण्यांचा मान राखायची ही जुनीच मुंबईची रीत.

या सगळ्या वैभवापुढे काही मैदानांची मात्र कीव येते. आझाद मैदानावर सामन्यात सामने अडकलेले असतात. एकाचा मिडविकेट दुसऱ्याच्या स्लिपपाशी उभा, आणि चेंडू कुणाचा हे चेंडूलाही माहीत नसते. याच मैदानावर १९८८ मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची भागीदारी रचली. पण बसायला खुर्ची नाही, त्यामुळे रुसायला जागा नाही, त्यामुळे विकास नाही. कांगा लीग तर १९४८ पासून ऐन पावसाळ्यात चालते. गवत गुडघाभर, खेळपट्टी उघडी, चेंडू ओला. सगळ्या जगात पावसात क्रिकेट थांबते, मुंबईत ते पावसात सुरू होते. हा मूर्खपणा मला मान्य आहे, पण तो कुणाला डिवचायला केलेला नाही, म्हणून दुय्यम दर्जाचा.

राहता राहिली वाडी. घरे एकेक करून जात आहेत, आजूबाजूला टॉवर चढत आहेत. बिल्डर मंडळी मुलांची काळजी घेतात. माहितीपत्रकात पोडियमवर खेळायची जागा हिरव्या रंगात दाखवलेली असते. ताबा मिळाल्यावर सोसायटी तिथे ‘येथे बॉल खेळू नये’ अशी पाटी लावते. यात कुणी मागासलेपण पाहू नये. एबेट्स फील्डच्या जागेवर आज उंच इमारती आहेत आणि तिथेही चेंडू खेळायला मनाई करणारी पाटी लागली होती. ब्रुकलिनला जिथवर पोहोचायला स्टेडियम बांधून पाडावे लागले, तिथे गिरगाव स्टेडियम न बांधताच पोहोचले. यात केवढा खर्च वाचला!

२०२४ साली विश्वविजेत्या संघाला पाहायला मरीन ड्राइव्हवर जनसागर लोटला. त्यानंतर वानखेडेपेक्षा मोठे स्टेडियम मुंबईला हवे असे राज्यकर्त्यांनी सांगितले, आणि एक लाख प्रेक्षकांच्या त्या स्टेडियमसाठी ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याचे नाव पुढे आले. कल्पना उत्तम आहे. एक लाख खुर्च्यांचे वाटप होईल तेव्हा कुणाला तरी दोनशे कमी पडतीलच. तेव्हा संबंधितांना नम्र विनंती, की आमण्याची जागा घेतानाच तिच्यापासून दोन सिग्नलांच्या अंतरावरचा आणखी एक भूखंड राखून ठेवावा.